उलटा भाता

आमच्या मालकांना गावात हिकमत्या म्हणत. हिकमत म्हणजे अक्कल, युक्ती. निजामाच्या काळापासून आमच्याकडच्या बोलण्यात बसलेला शब्द आहे आणि चांगला आहे. एखाद्या वैद्याच्या हाताला गुण असला की म्हातारी माणसं म्हणत, त्याच्यापाशी हिकमत आहे. पण त्याच शब्दाच्या शेवटी 'त'चं 'त्या' केलं की टोमणा होतो. लग्न होऊन आले तेव्हा मला हे माहीत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात विहिरीवर एका बाईनं विचारलं, "हिकमत्याची का गं तू?" मला वाटलं, घराण्याला तसं म्हणत असतील. मी मान हलवली आणि सगळ्या बाया हसल्या.

इथं मी कुणाचंच नाव लिहिणार नाही. एका माणसाचं नाव जिथं लिहायला पाहिजे होतं तिथं मी लिहिलं नाही, मग बाकीच्यांची कशाला लिहू. गाव चारठाण्याच्या अलीकडं आहे, एवढं पुरे.

मालक कामचुकार नव्हते. सहा एकर काळी जमीन, दोघा भावांची एकत्र. थोरले भाऊ पेरणी-बाजार बघत. हेही औत हाकायचे, पाणी द्यायचे, कडबा रचायचे. पण काम करता करता मध्येच थांबायचे आणि हातातल्या वस्तूकडं बघत राहायचे. खुरपं असेल, कासरा असेल, दाराची कडी असेल. ते असे थांबले की मी समजायची. आता काहीतरी निघणार आणि गाव हसणार, हे ठरलेलं.

मी पहिलं पाहिलं ते पाखरं हाकायचं यंत्र. ज्वारी हुरड्यात आली की पाखरांचे थवे उतरतात. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची आणि घसा बसेपर्यंत ओरडायचं, हे काम. यांनी सायकलचं एक चाक खांबावर बसवलं, त्याला पत्र्याची पाती लावली, आणि चाक फिरलं की लाकडाचा ठोका रिकाम्या डब्यावर पडेल अशी सोय केली. वारं आलं की डबा आपोआप वाजणार. पण थंडीत आमच्याकडं सकाळी वारं पडलेलं असतं, आणि पाखरं सकाळीच येतात. दुपारी वारं सुटायचं, तेव्हा पाखरं लिंबाच्या सावलीला बसलेली असायची आणि रानात एकटा डबा वाजत राहायचा. शेजारच्या शेतातला बैल त्या आवाजाला बुजून औतासकट पळाला, तेव्हा थोरल्या भावांनी खांब उपटून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फेकला.

मग भाकरी दाबायच्या फळ्या आल्या. दोन फळ्यांना बिजागरी, मध्ये पिठाचा गोळा ठेवायचा, वरची फळी दाबायची. ज्वारीचं पीठ हाताच्या ओलाव्यानं आणि फिरवण्यानं धरून राहतं, नाहीतर फाटतं. हे कुठल्याही बाईनं त्यांना सांगितलं असतं. त्यांनी कुणाला विचारलंच नाही. अर्धी भाकर वरच्या फळीला, अर्धी खालच्या. फळ्यांना तेल लावलं तेव्हा एक सबंध निघाली, तिच्यावर सागाच्या लाकडाच्या रेषा उमटल्या होत्या. सासूनं ती उजेडात धरून बघितली.

"ही खायाची का दाराला ठोकायची?" ती म्हणाली.

तेही हसले. त्यांना हसण्याचं काही वाटायचं नाही. मला वाटायचं.

सगळ्यात जास्त वाटायचं ते माझ्या भावाच्या घरी. भाऊ परभणीला कचेरीत कारकून होता. पक्कं घर, भिंतीवर घड्याळ, भावजयीची शिलाईची मशीन. एका भाऊबीजेला आम्ही गेलो. जेवणं होऊन मी ताटं घासून आले तर मालक मशीन उघडून बसलेले. मशीन घरघर करत होती म्हणे. घरघर थांबवली, पुन्हा जोडली, आणि जमिनीवर दोन स्क्रू उरले.

भावजय म्हणाली, "दाजी, दोन उरले की."

"त्याची गरजच नव्हती तिला," हे म्हणाले.

मशीन चालली, घरघरही बंद झाली, फक्त कापड पुढं सरकेना. भावजयीनं ही गोष्ट आमच्या सगळ्या गणगोतात सांगितली. पुढं कितीतरी वर्षं माहेरच्या लग्नात मी पंगतीला बसले की कुणीतरी विचारायचं, "दाजी न्हाई आले का? आले असतील तर मशीन कुलपात ठिवा." मी हसल्यासारखं करायची. आतून मला ह्या माणसाचा राग यायचा. दारू पीत नव्हते, हात उगारत नव्हते, तरी मला वाटायचं, त्यापेक्षा दारुड्या बरा. दारुड्याला लोक हसत नाहीत. असं मला खरंच वाटायचं, म्हणून लिहिलं.

भाता या सगळ्यानंतर आला. गावातल्या लोहारानं काम बंद केलं, त्याचा जुना चामड्याचा भाता यांनी मागून आणला. भाता हवा बाहेर फेकतो आणि भट्टी फुलवतो. यांनी त्याच्या आतल्या झडपा उलट्या बसवल्या, म्हणजे तो हवा फेकण्याऐवजी ओढून घेईल. पुढं एक पत्र्याचा डबा जोडला, डब्यात जाळी, आणि डब्याला सायकलच्या ट्यूबची लांब नळी. नळीच्या तोंडाला नरसाळं. फुटलेल्या बोंडाला नरसाळं लावायचं, भाता हलवायचा, कापूस नळीतून डब्यात. असं त्यांचं म्हणणं.

जाळी म्हणजे सासूची पिठाची चाळणी होती.

"माझी चाळणी कुठं हाय रं?" सासूनं विचारलं.

"आत हाय."

"आत कुठं?"

"भात्याच्या म्होरं, डब्यात."

"मंग आता पीठ बी तिथंच चाळू का, रानात जाऊन?"

सासूला दुसरी चाळणी बाजारातून आणून दिली आणि तिचं समाधान झालं. माझं झालं नाही. कापूस वेचणं हे बायांचं काम. गडीमाणूस त्यात पडत नाही. मी त्यांना म्हणाले, "बाया असताना ह्याची गरज काय?"

ते म्हणाले, "पाठ मोडती बायांची."

"बायांची मोडती. तुमाला काय व्हायलंय?"

ते नळीला सुतळी गुंडाळत राहिले.

डबा पाठीवर बांधायचा, भाता डाव्या काखेत, उजव्या हातात नळी. डावं कोपर वर-खाली करत झाडाझाडाशी थांबायचं. दिसायला कसं दिसायचं ते सांगते. एकाच पंखाची कोंबडी उडायला बघते आहे, असं. ज्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा रानात लावून दाखवलं त्या दिवशी आधी वाळला पाला आला, मग एक तांबडा ढेकण्या किडा आला, मग सात-आठ वेळा कोपर हलवल्यावर एका बोंडातला निम्मा कापूस. तेवढ्या वेळात आम्ही बायांनी ओटी भरत आणली होती. शेजारीण आमच्याबरोबर सावडीला होती. म्हणजे आज तिनं आमच्या रानात वेचायचं, उद्या आम्ही तिच्या. ती तोंडानं फटकळ. ती म्हणाली, "भाऊजी, झाडांची एक ओळ व्हईल बगा दिवाळीपस्तोर. कोणत्या दिवाळीपस्तोर ते इचारू नका."

त्या दिवसापासून मी भातेवाली झाले. 'भातेवाली, पाणी आण.' 'भातेवाली, तुझ्या मालकाला सांग, माझा दमा ओढून काढ म्हणावं.'

एक गोष्ट मी तेव्हा कुणाला सांगितली नाही. तो भाता कधीकधी चालायचा. कडक ऊन असेल, पाला सगळा गळून गेलेला असेल आणि बोंड पुरतं उमललेलं असेल, तर चालायचा. एका दुपारी मी पाण्याची घागर घेऊन गेले तेव्हा त्यांनी ओळीनं दहा-बारा बोंडं ओढली. स्वच्छ, एक काडी नाही. त्यांनी मान वर करून आजूबाजूला पाहिलं, कुणी बघतंय का म्हणून. मीच होते. मी खाली वाकले आणि गवत उपटायला लागले. तिथं उपटण्याजोगं गवत नव्हतं.

साहेब आला तो दिवस वेचणीचाच होता. मालक सकाळीच जिंतूरला गेले होते, भात्याचं चामडं एका बाजूनं फाटलं होतं त्याला ठिगळ आणायला. भाता धुऱ्यावर बाभळीला टेकवून ठेवला होता. रानात आम्ही तिघी: मी, माझी थोरली जाऊ आणि ती शेजारीण. रस्त्यावर जीप थांबली. पँट घातलेला एक साहेब उतरून झाडांच्या ओळींतून सांभाळून पाय टाकत आला. मागून कुणी नाही. परभणीहून आलो म्हणाला. शेतकऱ्यांनी आपल्या डोक्यानं केलेली अवजारं बघत गावोगाव फिरत होता. फाट्यावरच्या हॉटेलात त्याला कुणीतरी सांगितलं, पुढं बाभळीपाशी एक भाता आहे तो बघाच.

त्यानं आम्हाला नंतर विचारलं. आधी तो भात्याजवळ जाऊन उकिडवा बसला. बराच वेळ बसला. शेजारणीनं मला कोपर मारलं आणि म्हणाली, "साहेबाच्या काखंत बी बांधायचा का?" जावेनं पदर तोंडात कोंबला. माझे कान तापले होते. फाट्यावरच्या लोकांनी थट्टा म्हणून त्याला पाठवलं असणार, आता तो परभणीला जाऊन सांगणार, असंच माझ्या डोक्यात.

मग तो उठून आला. हसत नव्हता.

"हे कुणी केलंय?"

जाऊ म्हणाली, "हिला इचारा साहेब. हिच्या मालकाचं हाय."

"बाई, काय नाव मालकांचं?"

मी खाली बघितलं. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. आता सुना घेतात, फोनवर तर ओरडून घेतात, पण आमच्या वेळी नाही. कागदाचं काम असलं तर शेजारी उभं असलेलं माणूस सांगायचं. दळण आणायला गेलं तरी 'थोरल्या पोरीच्या वडलांचं दळण' असं म्हणायचं. साहेबाला हे माहीत असावं. त्यानं जावेकडं पाहिलं.

"तुम्ही सांगा."

जाऊ म्हणाली, "मला बी न्हाई घेता येत." आणि ते खरं होतं. दोघा भावांच्या नावाचा पुढचा अर्धा तुकडा एकच. एकाचं घेतलं की दुसऱ्याचं तोंडात आलंच. साहेबाला ते समजेना. "हे दीर ना तुमचे?" म्हणाला. जाऊ म्हणाली, "दीर हायत, पण नाव आमच्या मालकाचं हाय. म्हंजी न्हाई. अर्धं हाय." शेजारीण पोट धरून हसायला लागली.

शेजारणीला नाव घ्यायला काही अडचण नव्हती. पण ती अशी संधी सोडणारी नव्हती. "म्या सांगितलं असतं साहेब," ती म्हणाली, "पण आज हिच्याच तोंडून ऐकू द्या. उखाण्यात घेती की नाव. घे गं भातेवाली. न्हाई तर मी सुरुवात करून देते:

पत्र्याचा डबा, चामड्याचा भाता,
आता पुढं बोल, कापूस वेचता वेचता!"

साहेबही थोडा हसला. खिशातून वही काढली, पिवळी पेन्सिल काढली आणि माझ्यासमोर धरली.

"तोंडानं घेत नसाल तर राहू द्या. लिहिता येतं का? इथं लिहा. नाव लिहून नेलं तर मला त्यांना पत्र पाठवता येईल. पंधरा दिवसांनी परभणीत अवजारांचं प्रदर्शन आहे, तिथं हे ठेवायचं आहे."

मी चौथी पास होते. आमच्या वाड्यातल्या तीन घरच्या बायांची पत्रं मी वाचायची आणि त्यांची उत्तरं मी लिहायची. जावेच्या माहेरची, शेजारणीच्या भावाची. माझं अक्षर गोल होतं आणि मला त्याची घमेंड होती. नाव लिहायला कसलीच बंदी नव्हती. नाव तोंडानं घ्यायचं नाही, एवढंच.

मला त्या क्षणी परभणी दिसली. माझा भाऊ-भावजय पोरांना घेऊन प्रदर्शन बघायला आलेत. मधोमध आमचे मालक उभे आहेत, पाठीवर डबा, काखेत भाता, कोपर वर-खाली. वर पाटीवर त्यांचं नाव आणि आडनाव.

मी म्हणाले, "मला लिहिता येत न्हाई."

शेजारीण हसायची थांबली. जाऊ माझ्याकडं बघायला लागली. दोघींच्या घरची पत्रं त्याच आठवड्यात मी वाचून दाखवली होती. मला वाटलं, आता एक तरी बोलेल. साहेबानं शेजारणीकडं पाहिलं, तर तिनं मान फिरवली आणि पुढच्या झाडाचं बोंड वेचायला घेतलं. मला नको आहे एवढं दोघींनी ओळखलं आणि माझी बाजू घेतली. बायांनी आयुष्यात मला दिलेली ही एक मदत मी विसरलेली नाही, आणि ती दिली नसती तर बरं झालं असतं.

साहेबानं जावेला विचारलं, "कधी येतील मालक?"

"सांजच्याला. एष्टी कवा येईल त्याच्यावर."

"मला आज येलदरीपर्यंत जायचं आहे. थांबता येणार नाही. त्यांना सांगा, परभणीला येऊन मला भेटा म्हणावं." आणि त्यानं वहीत काहीतरी लिहिलं. वही माझ्याकडून उलटी होती, तरी मी वाचलं. आधी गावाचं नाव, त्याच्यापुढं 'कापूस ओढण्याचा भाता', आणि त्याच्यापुढं 'नाव माहीत नाही'.

दिवेलागणीला मालक आले ते पळतच. फाट्यावर उतरल्याबरोबर हॉटेलवाल्यानं सांगितलं होतं. धाप लागली होती, हातात चामड्याचा तुकडा तसाच.

"कोण आलतं गं?"

"आलता एक साहेब."

"काय म्हनला?"

"काय म्हनंल? बघितलं अन् गेला."

"नाव इचारलं का माझं?"

"न्हाई."

"परत येतो म्हनला का?"

"न्हाई."

जाऊ चुलीपाशी होती. तिनं फुंकणी उचलली आणि जाळ फुंकत राहिली. जाळ चांगला लागलेला होता.

त्यानंतर आठवडाभर ते रोज सकाळी धुतलेला सदरा घालून रानात यायचे. चामड्याला ठिगळ लावलं, डबा राखेनं घासून चकचकीत केला. रस्त्यावर जीपचा आवाज आला की काम सोडून उभे राहायचे. आमच्या रस्त्याला तेव्हा जीप फार नसायच्या. थोरले भाऊ म्हणाले, "खुळा झालास का? साहेबाला काय कामं न्हाईत?" ते म्हणायचे, "मुद्दाम उतरून आलता तो. उगाच कशाला उतरंल?"

शेवटी भाता पोत्यात गुंडाळून, एष्टीच्या टपावर टाकून ते स्वतःच परभणीला गेले. प्रदर्शनाचं त्यांना फाट्यावर कळलं होतं. मी थांबवलं नाही. थांबवलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. त्या दिवशी मी देवाला काय मागितलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. प्रदर्शनाचं ठिकाण यांना सापडू नये, असं मागितलं.

त्यांना ते सापडलं. तिथं दारावर ज्यांची नावं वहीत उतरवली होती त्यांची यादी होती, आणि त्याच लोकांना आत जागा दिली होती. यांनी यादी दोनदा वाचून घेतली. तो साहेब नेमका त्या वेळी तिथं नव्हता. दारावरच्या माणसानं सांगितलं, तुमच्या गावातलं कुणाचंच नाव नाही. उन्हात थोडा वेळ थांबले आणि परत आले. घरी आल्यावर पोतं गोठ्यात ठेवलं, पाय धुतले आणि म्हणाले, "माझं नाव न्हाई तिथं."

मी वाढायला घेतलं. ते जेवलेही.

त्यानंतर त्यांनी काही केलं नाही असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. केलं. शेंगा फोडायचा चिमटा केला, विहिरीच्या रहाटाला घंटा केली, आणखी काय काय. पण ते सगळं गोठ्यात दार लोटून. रानात आणून लावणं, लोकांना थांबवून 'आता बघ' म्हणणं, ते गेलं. गावालाही हसायला काही मिळेना, तेव्हा हिकमत्या हे नावही मागं पडलं. मला तेच पाहिजे होतं. पहिली दोन वर्षं मला बरंच वाटलं, हेही सांगितलं पाहिजे. लाज मला तेव्हा वाटत नव्हती. ती नंतर आली, आणि आली ती गेली नाही.

पुढं भावांची वाटणी झाली. वाटणीत जावेनं आणि मी एकमेकींच्या सात पिढ्या काढल्या. मी तिला चोर म्हणाले, ती मला मुडदी म्हणाली. पण त्या वहीची गोष्ट तिनं काढली नाही. मी वाट बघत होते की आता काढेल. तीन वर्षांखाली ती गेली, शेजारीण तिच्याही आधी. भात्याचं चामडं उंदरांनी खाल्लं. डब्यात मी कोंबडी अंड्यावर बसवली.

यंदाच्या वेचणीला माझ्या मुलानं जिंतूरहून कापूस वेचायचं यंत्र आणलं. हातात धरायचं, बॅटरीवर चालणारं, मागं पिशवी. बाया मिळत नाहीत म्हणून आणलं. मालक आता रानात जात नाहीत, गुडघे गेलेत, ऐकायला कमी येतं. मुलानं ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं, यंत्राच्या तोंडात बोट घालून पाहिलं.

"दाते हायत ह्यात," ते म्हणाले. "गुंडाळून घेतंय. ओढत न्हाई."

"चालंल का, आबा?"

"चालंल. पाला येईल पण."

पाला आला. सुनेनं दोन दिवस चालवलं आणि खुंटीला टांगलं, आता मिळतील तेवढ्या बाया हातानंच वेचायल्यात. पण गावात कुणी हसलं नाही, कारण ते दुकानातून आणलेलं होतं.

ते खुंटीला लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघंच ओसरीवर होतो. मी तूर निवडत होते. त्यांची नजर खुंटीकडं. मी सूप खाली ठेवलं आणि म्हणाले, "त्या साहेबानं तुमचं नाव इचारलं व्हतं."

"आं?"

ओरडून सांगावं लागलं. पलीकडच्या घरात ऐकू गेलं असेल. "भाता बघायला आलता तो साहेब! त्यानं नाव इचारलं व्हतं. म्या सांगितलं न्हाई. वही दिली लिहायला, तर लिहिता येत न्हाई म्हनले."

त्यांनी खुंटीवरची नजर माझ्याकडं वळवली. शिव्या देतील असं मला वाटलं होतं. त्याची तयारी मी किती वर्षं केली होती. काय उत्तर द्यायचं, कसं गप्प बसायचं, सगळं ठरलेलं होतं.

"त्यानं भाता उघडला का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"खालची झडप. ती उचलून बघितली का त्यानं? उलटी केलीय ते वरून दिसत न्हाई. उचलावी लागती."

मी आठवायला लागले. वही आठवत होती, पेन्सिलीचा पिवळा रंग आठवत होता, 'नाव माहीत नाही' ही अक्षरं आठवत होती. जावेचा तोंडात कोंबलेला पदर आठवत होता. साहेब भात्यापाशी उकिडवा बसला, तेवढं माहीत होतं. बसून त्यानं काय केलं, ते नाही.

"मला मालूम न्हाई," मी म्हणाले.

"काखंत धरून हलवला का?"

"मालूम न्हाई."

"डब्याचं झाकण तरी काढलं असंल. चाळणी बघितली का?"

"म्या न्हाई बघितलं."

"तू तिथंच व्हतीस की."

"व्हते."

"लय येळ बसला का त्याच्यापाशी?"

"बसला व्हता. लय येळ."

त्यांनी मान हलवली. मग अगदी साधेपणानं, राग नाही काही नाही, खरंच कळत नाही म्हणून विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मंग तू कुठं बघायलतीस?"

ज्याच्यापायी खोटं बोलावं असं आता कुणी उरलं नव्हतं.

"बायांकडं," मी ओरडून सांगितलं. "त्या हसायल्यात का ते बघायलते."